हळदीकुंकू, भिशी आणि भोंडला : घर आवरून देण्याच्या व्यवसायाला घरगुती मेळाव्यांतून ग्राहक कसे मिळवावेत

घर आवरून, लावून देण्याचा व्यवसाय पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत आता रुजू लागला आहे. हे काम करणाऱ्या बहुतेक जणी ते एकटीने किंवा एखाद-दोन मदतनिसांना घेऊन करतात. काम येते, ग्राहक समाधानी होतात, पण पुढचा ग्राहक कुठून आणायचा हा प्रश्न दर महिन्याला उभा राहतो. वर्तमानपत्रात टाकलेली पत्रके आणि समाजमाध्यमांवरची छायाचित्रे यांतून चौकशा पुष्कळ येतात, पण प्रत्यक्ष काम त्या मानाने थोडे मिळते. याचे कारण या कामाच्या स्वरूपातच आहे. रंगारी भिंत पाहतो, सुतार लाकूड पाहतो, आपण मात्र माणसाचे कपाट उघडून पाहतो. त्या कपाटात न घातलेल्या महागड्या साड्या असतात, मुदत संपलेली औषधे असतात, सासूबाईंनी दिलेली आणि कधीच न वापरलेली भांडी असतात. ‘ही बाई माझ्या घराबद्दल चार ठिकाणी बोलेल का?’ ही शंका ग्राहकाच्या मनात दरापेक्षा कितीतरी आधी येते आणि तिचे उत्तर कोणतीही जाहिरात देऊ शकत नाही. ज्या बाईला आपण ओळखीच्या घरी, चार ओळखीच्या बायकांत वावरताना पाहिले आहे, जिचे बोलणे ऐकले आहे, तिलाच आपण माळ्यावर चढू देतो.

घरगुती मेळाव्यांतून व्यवसाय वाढवण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकेत टपरवेअर कंपनीने १९५१ मध्ये आपले डबे दुकानांतून काढून घेतले आणि ब्राउनी वाइज या बाईंच्या पुढाकाराने फक्त घरगुती मेळाव्यांतून विकायला सुरुवात केली. आपल्याकडे ही कंपनी १९९६ मध्ये आली आणि दिवाणखान्यात बसून डब्यांची झाकणे लावून पाहिल्याचे आजही अनेकींना आठवत असेल. त्या पद्धतीतून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे यजमानीण बाईंचा विश्वास पाहुण्यांपर्यंत पोहोचतो ही. घेऊ नये अशी गोष्ट म्हणजे तिथल्या तिथे मागणी नोंदवण्याचा आग्रह. डबा घ्यायला कुणाला संकोच वाटत नाही, पण ‘माझे घर आवरून द्या’ असे पंधरा जणींसमोर कोणीही म्हणणार नाही. म्हणून या संपूर्ण लेखात मेळाव्याचा उद्देश एकच धरला आहे : चार-पाच घरभेटी ठरवणे. काम घरभेटीत ठरते, मेळाव्यात नव्हे.

मेळाव्याआधीची तयारी

पहिल्यांदा आपण नेमके काय करून देतो हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ‘घर व्यवस्थित करून देते’ हे वाक्य ऐकणाऱ्याला काहीच सांगत नाही. ‘स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या आणि डबे एका दिवसात लावून देते’, ‘साड्यांचे कपाट लावून देते’, ‘माळा रिकामा करून, वस्तूंची यादी करून परत लावून देते’, ‘घर बदलताना बांधाबांध आणि नव्या घरात लावालाव करून देते’ ही वाक्ये ऐकताच समोरच्या बाईला आपले कपाट किंवा आपला माळा आठवतो. मेळाव्यात अशा तीनच कामांचा उल्लेख करावा आणि बाकीची घरभेटीत सांगावीत.

दर आधी कागदावर लिहून ठेवावेत. तासाचा दर सांगितला की ‘किती तास लागतील?’ हा प्रश्न येतो आणि अनोळखी ग्राहकाला ते अनिश्चित वाटते. म्हणून सुरुवातीच्या ग्राहकांसाठी कपाटागणिक किंवा खोलीगणिक ठरलेली रक्कम सांगणे चांगले. डबे, टोपल्या, हँगर यांचा खर्च त्यात धरला आहे की वेगळा, हे त्याच कागदावर स्पष्ट असावे. या व्यवसायात वाद झालाच तर तो बहुधा याच मुद्द्यावर होतो.

कागदपत्रांचे काम थोडे आहे, पण ते उरकून घ्यावे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, संकेतस्थळावर आधारच्या साहाय्याने विनामूल्य होते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार मोजकेच कामगार असतील तर केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. मदतनीस बरोबर नेणार असाल तर त्यांचे ओळखपत्र जवळ ठेवावे, कारण मोठ्या सोसायट्यांच्या फाटकावर ते हमखास मागितले जाते.

यजमानीण कोण असावी

मेळाव्याचे यश जागेवर, खाण्यावर किंवा पाहुण्यांच्या संख्येवर जितके अवलंबून असते त्याहून अधिक यजमानीण बाईंवर असते. सर्वांत योग्य यजमानीण म्हणजे जिच्या घरी आपण काम केले आहे, काम होऊन निदान दोन-तीन महिने झाले आहेत आणि लावलेले कपाट अजूनही तसेच राहिले आहे अशी ग्राहक. काम झाल्याबरोबर मेळावा घेतला तर पाहुण्या ‘आज छान दिसतेय, महिन्याने बघू’ असे मनात म्हणतात. दोन महिन्यांनीही डबे जागेवर आहेत हे यजमानीण स्वतः सांगते, तेव्हा त्या सांगण्याला वजन येते.

तिला रोख कमिशन देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. ‘प्रत्येक ग्राहकामागे इतके रुपये’ असा व्यवहार ठरला आणि तो पुढे कुणाला कळला की मैत्रिणीचा सल्ला एकदम दलालीसारखा वाटू लागतो. त्यापेक्षा मेळाव्याच्या दोन दिवस आधी तिचे आणखी एखादे कपाट किंवा देवघराखालचा कप्पा विनामूल्य लावून द्यावा. चहा, खाणे, फुले यांचा खर्चही आपण करावा आणि तो करणार हे आधीच सांगावे.

घरात सासूबाई असतील तर त्यांची परवानगी वेगळी घ्यावी आणि ती सुनेकरवी न घेता स्वतः जाऊन घ्यावी. स्वयंपाकघर अनेक घरांत दोघींचे असते आणि पाहुण्यांसमोर कप्पे उघडले जाणार हे ज्येष्ठ बाईंना ऐन वेळी कळणे बरे नव्हे. ‘काकू, तुमच्या हाताखालची ही ट्रॉली मी सगळ्यांना दाखवली तर चालेल का? तुम्हाला नको असेल तर आपण फक्त कपड्यांचे कपाट दाखवू,’ एवढे विचारले तरी पुरते. अशा काकू पुढे मेळाव्यात आपल्या बाजूने जे बोलतात, ते आपण बोललेल्या तासाभरापेक्षा मोलाचे असते.

कोणता प्रसंग निवडावा

मराठी घरांचे वर्ष सणांनी आखलेले असते आणि साफसफाईही त्यांच्या आगेमागेच होते. म्हणून निव्वळ ‘आमच्या व्यवसायाचा मेळावा’ बोलावण्यापेक्षा जो प्रसंग तसाही साजरा होणार आहे त्यात आपली वीस मिनिटे मागून घेणे सोपे आणि स्वस्त पडते. मात्र प्रसंग आणि काम यांच्यामध्ये तीन ते चार आठवड्यांचे अंतर असावे. दिवाळीच्या आवराआवरीचे काम दिवाळीच्या तोंडावर मागितले तर आपल्याकडे दिवस उरलेले नसतात आणि ग्राहकाने निम्मे काम स्वतः उरकलेले असते.

संक्रांतीचे हळदीकुंकू हा सर्वांत मोठा प्रसंग आहे. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत ते चालते, पण संक्रांत सौर गणनेनुसार आणि रथसप्तमी तिथीनुसार येत असल्याने हा काळ दर वर्षी सारखा नसतो. २०२४ मध्ये रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, तर २०२६ मध्ये ती २५ जानेवारीला आली, म्हणजे महिनाभराचा काळ दहा-अकरा दिवसांवर आला. दिनदर्शिका हाती आल्याबरोबर हा काळ मोजावा आणि डिसेंबरमध्येच यजमानिणींशी तारखा ठरवाव्यात. या काळात एकेका संध्याकाळी बायका चार-चार घरी जातात आणि प्रत्येक घरी दहा मिनिटे थांबतात. म्हणून घरच्या हळदीकुंकवापेक्षा सोसायटीच्या किंवा महिला मंडळाच्या एकत्रित हळदीकुंकवात बोलण्याची संधी मागावी, जिथे सगळ्या जणी तासभर बसतात. एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते : निमंत्रण सर्व स्त्रियांना असावे. पती गमावलेल्या स्त्रियांना वगळण्याची रीत अनेक मंडळांनी सोडली आहे. जिथे ती अजून चालू आहे तिथे आपण आयोजकांना ‘तिळगूळ समारंभ’ असे नाव सुचवून सर्वांना बोलावण्याची विनंती करावी. नवऱ्याच्या पश्चात त्याच्या कपड्यांचे, पुस्तकांचे, कागदपत्रांचे कपाट उघडण्याचे बळ नसलेल्या कितीतरी जणी असतात आणि आपल्या मदतीची सर्वांत खरी गरज त्यांनाच असते.

चैत्रगौरीचे हळदीकुंकू अक्षय्य तृतीयेपर्यंत चालते. आंब्याची डाळ, पन्हे आणि उन्हाळ्याची संध्याकाळ यामुळे बायका निवांत बसतात. पुढे जूनमध्ये शाळा सुरू होतात, म्हणून या मेळाव्यात मुलांच्या खोलीचा, वह्या-पुस्तकांच्या कप्प्याचा विषय घ्यावा. श्रावणातल्या मंगळागौरीला नव्याने संसार थाटलेल्या मुली एकत्र येतात. त्यांच्याकडे लग्नात आलेल्या भेटवस्तूंचे खोके न उघडता पडलेले असतात, पण ती रात्र खेळांची असते आणि तिथे भाषणाला जागा नाही. तिथे फक्त ओळख करून घ्यावी.

गणपती आणि नवरात्र यांच्यामधला पंधरवडा या व्यवसायासाठी वर्षातला सर्वांत महत्त्वाचा आहे, हे नव्याने काम सुरू करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. अनंत चतुर्दशीनंतर पितृपक्ष लागतो, बहुतेक घरांत खरेदी आणि शुभकार्ये थांबतात आणि घटस्थापनेपूर्वी घर धुऊन काढण्याची प्रथा असल्याने हाच काळ आवराआवरीचा असतो. वेळ असते, बाहेरचे कार्यक्रम नसतात आणि घर रिकामे करण्याची मनाची तयारी झालेली असते. या पंधरवड्याचे काम मिळवण्यासाठी सोसायटीच्या गणेशोत्सवात बायकांच्या कार्यक्रमांच्या दिवशी आपले प्रात्यक्षिक ठेवावे. नवरात्रातल्या भोंडल्यातून दिवाळीपूर्वीची कामे मिळतात, त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

भिशीचा गट लहान असला तरी सर्वांत पक्का असतो. दहा-पंधरा जणी दर महिन्याला भेटतात, पैशाच्या व्यवहारामुळे त्यांचा एकमेकींवर विश्वास असतो आणि एकीने काम करून घेतले की पुढच्या महिन्यात त्याची चर्चा होतेच. ज्यांना माणसांसमोर बोलण्याची सवय नाही त्यांनी पहिला मेळावा भिशीतच घ्यावा.

निमंत्रण

निमंत्रणात प्रात्यक्षिकाचा उल्लेख स्पष्ट असलाच पाहिजे. हळदीकुंकवाला बोलावून अचानक व्यवसायाची माहिती सुरू केली तर पाहुण्यांना फसवल्यासारखे वाटते आणि अवघडलेपण यजमानिणीच्या वाट्याला येते. व्हॉट्सॲपवर यजमानिणीने स्वतःच्या नावाने पुढीलप्रमाणे मजकूर पाठवावा :

‘शनिवारी संध्याकाळी ५ वाजता आमच्याकडे हळदीकुंकू आहे, जरूर यावे. ज्यांनी माझे साड्यांचे कपाट लावून दिले त्या ताई येणार आहेत. जरीच्या साड्या कशा ठेवाव्यात हे त्या वीस मिनिटांत दाखवतील. विक्री नाही. घडी बदलायची असेल अशी एखादी साडी बरोबर आणली तरी चालेल.’

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. स्वतःची साडी घेऊन आलेली बाई प्रेक्षक राहत नाही. पाहुण्यांची संख्या पंधरा ते पंचवीसच्या दरम्यान असावी, कारण त्याहून जास्त झाल्या तर मागे बसलेल्यांना हात दिसत नाहीत. सोसायटीच्या सभागृहात कार्यक्रम असेल तर सचिवांची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि प्रात्यक्षिक असल्याचे त्या अर्जातही लिहावे.

प्रात्यक्षिक

बोलण्याने कोणाला काही पटत नाही, हात चालताना दिसले की पटते. पैठणी किंवा जरीची कांजीवरम हा विषय मी पहिल्या पसंतीने सुचवते, कारण ती साडी प्रत्येकीकडे असते, तिची काळजी प्रत्येकीला असते आणि ती ठेवण्याची पद्धत फार थोड्या जणींनी शिकून घेतलेली असते. कार्यक्रम पुढीलप्रमाणे करावा.

टेबलावर किंवा सतरंजीवर स्वच्छ पांढरी चादर अंथरावी. हात धुऊन, पुसून, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाव्यात आणि त्या का काढल्या हे सांगावे, कारण काठाचा धागा त्यांत अडकतो. साडी पूर्ण उलगडून जुन्या घडीची रेषा बोटाने दाखवावी. वर्षानुवर्षे एकाच रेषेवर घडी राहिली की रेशीम तिथे विरते आणि जर मोडते, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलायची. मग पदराची बाजू आत घेऊन नवी घडी जुन्या रेषेपासून चार बोटे सरकवून घालावी. प्रत्येक घडीनंतर तळव्याने हवा बाहेर काढावी, पण दाब देऊ नये. शेवटी साडी धुतलेल्या जुन्या मलमलच्या किंवा सुती कापडात गुंडाळावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो, डांबराच्या गोळ्या जरीला टेकल्या तर जर काळवंडते आणि जड जरीची साडी हँगरवर टांगून ठेवली तर तिच्या वजनानेच कापडावर ताण येतो, या तीन गोष्टी हात चालू असतानाच सांगून टाकाव्यात. त्यानंतर एखाद्या पाहुणीला पुढे बोलावून तिच्याकडून तिच्याच साडीची घडी घालून घ्यावी.

ज्ञान असे विनामूल्य वाटून टाकले तर काम कोण देईल, ही भीती बाळगू नये. एका साडीची घडी कोणीही बदलेल, पण घरी साठ साड्या असतात. त्या कोणत्या क्रमाने लावायच्या, कोणत्या द्यायच्या, ब्लाऊज आणि परकर कुठे ठेवायचे हा उलगडा एकटीने होत नाही आणि हे तिला स्वतःच्या हातातली एक साडी गुंडाळतानाच जाणवते.

भोंडल्यात याहून वेगळा प्रकार करता येतो. खिरापतीचा डबा वाजवून आत काय आहे ते ओळखण्याचा खेळ सर्वांच्या ओळखीचा आहे. तोच धागा पुढे नेऊन स्टीलचे पाच एकसारखे डबे न्यावेत, त्यांत तांदळाचा रवा, गव्हाचा रवा, बेसन, ज्वारीचे पीठ आणि पिठीसाखर भरावी आणि बाहेर नाव न लिहिता ओळखायला सांगावे. कोणीही पाच बरोबर ओळखत नाही. मग पाचही डब्यांवर नाव आणि भरल्याची तारीख लिहावी. झाकणावर लिहिले तर झाकण बदलले जाते, म्हणून ते अंगावर लिहायचे, आणि रोज लागणारे डबे कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंतच्या फळ्यांवर ठेवायचे, इतके सांगून थांबावे. सगळे मिळून दहा मिनिटे लागतात. भोंडला हा मुळात गाण्यांचा कार्यक्रम आहे आणि त्याचा वेळ आपण खाता कामा नये.

प्रात्यक्षिकाच्या शेवटी यजमानिणीचे कपाट किंवा ट्रॉली ज्यांना पाहायची आहे त्यांना तिनेच न्यावे. आपण मागे थांबावे. तिचे कपाट दाखवण्याचा अधिकार तिचा आहे आणि ‘आधी काय अवस्था होती’ हे सांगायचे असेल तर तेही तिनेच सांगावे. आधीची छायाचित्रे मेळाव्यात फिरवू नयेत, परवानगी असली तरीही. पाहुणी ती छायाचित्रे पाहताना ‘उद्या माझ्या घराची अशीच फिरतील’ हाच विचार करते.

खासगीत होणारे बोलणे

खरी चौकशी कार्यक्रम संपल्यावर, बशा आत नेताना किंवा चपला घालताना होते. एखादी वहिनी हळूच जवळ येते आणि म्हणते, ‘आमच्याकडे तर बघण्यासारखीही स्थिती नाही हो.’ या क्षणी काय बोलावे यावर बरेच काही ठरते. ‘अहो, सगळ्यांकडे असेच असते’ या उत्तराने तिची अडचण किरकोळ ठरते. ‘मी याहून वाईट घरे पाहिली आहेत’ या उत्तराने आपण इतरांच्या घरांबद्दल बोलतो हे सिद्ध होते. त्यापेक्षा साधा प्रश्न विचारावा : ‘रोज सकाळी कोणत्या एका जागेचा सर्वांत जास्त त्रास होतो?’ ती ट्रॉली म्हणेल, मुलाचे टेबल म्हणेल, नाहीतर पलंगाखालचे स्टोरेज म्हणेल. मग म्हणावे, ‘तेवढेच बघायला येते, अर्धा तास. बाकीच्या खोल्या दाखवायची गरज नाही.’ घरभेट विनामूल्य आहे आणि काम दिलेच पाहिजे असे नाही, हेही तेव्हाच सांगावे. दिवस आणि वेळ तिथेच ठरवून दोघींनी फोनमध्ये लिहून घ्यावी, कारण ‘कळवते’ म्हटलेले सहसा राहून जाते.

हे बोलणे चारचौघींच्या कानावर पडणार नाही अशा जागी व्हावे. यजमानिणीलाही नंतर ‘कोणाकोणाचे ठरले?’ या प्रश्नाचे उत्तर देऊ नये. तिने विचारले तर ‘ते ज्यांचे त्यांनीच सांगितलेले बरे, नाही का?’ असे नम्रपणे म्हणावे. तिच्याबद्दलही आपण असेच गप्प राहतो, हे तिला त्यातून समजते.

नावे गोळा करण्यासाठी वही फिरवू नये. वहीत आधीच्या नावापुढे लिहिलेले सगळ्यांना दिसते. त्याऐवजी प्रत्येकीला एक लहान कार्ड द्यावे, त्यावर नाव, फोन आणि ‘मला सल्ला हवा आहे’ किंवा ‘फक्त माहिती पाठवा’ असे दोन पर्याय असावेत आणि कार्ड टाकायला बंद डबा ठेवावा. क्रमांक कशासाठी घेतला आहे ते कार्डावर लिहावे आणि त्याच कामासाठी वापरावा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ चा रोखही सांगितलेल्या उद्देशासाठी घेतलेल्या संमतीवरच आहे.

वाण म्हणून प्लास्टिकची डबी देण्यापेक्षा कामाशी जोडलेली वस्तू द्यावी. शिवून घेतलेली मलमलची साडीपिशवी सर्वांत चांगली, कारण ती कपाटात राहते आणि प्रत्येक वेळी दिसते. खर्च कमी ठेवायचा असेल तर डब्यांवर चिकटवायच्या नावांच्या पट्ट्यांचा संच द्यावा. पट्ट्यांवर ‘साबुदाणा’, ‘भगर’, ‘गोडा मसाला’, ‘मेतकूट’ अशी आपल्या स्वयंपाकघरातली नावे छापून घ्यावीत. बाजारात मिळणाऱ्या तयार संचांत ती सहसा नसतात.

दुसऱ्या दिवसापासून

पाठपुरावा दोन दिवसांच्या आत व्हावा. ज्यांनी सल्ला मागितला त्यांना फोन करावा, तोही दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, आणि नोकरी करणाऱ्यांना रात्री साडेआठनंतर आधी संदेश पाठवून. ज्यांनी फक्त माहिती मागितली त्यांना फोन करू नये. त्यांना साडीच्या घडीबद्दलची चार वाक्ये आणि आपला दरपत्रकाचा कागद एकदाच पाठवावा. व्हॉट्सॲपची प्रसारण यादी वापरणार असाल तर एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावी : ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच त्या यादीतला संदेश मिळतो. म्हणून मेळाव्यातच क्रमांक नावासह जतन करायला सांगावे.

घरभेटीत कोणतेही दार स्वतः उघडू नये. ‘हे उघडू का?’ असे प्रत्येक वेळी विचारावे. ठरलेली जागा पाहावी, मापे घ्यावीत, कोण किती उंच आहे आणि कोणत्या हाताने काम करते ते विचारावे, आणि खोलीत दुसरे काही नजरेस पडले तरी त्याविषयी बोलू नये. टाकून देण्याचा निर्णय आपण घेत नाही, हे पहिल्याच भेटीत सांगावे. वस्तू काढायच्या ठरल्या तर त्या कुठे जातील याची माहिती मात्र आपल्याकडे तयार असावी. रद्दीवाला, भंगारवाला आणि भांड्यांवर कपडे घेणारी बोहारीण तर असतेच, शिवाय चांगले कपडे ‘गूंज’सारख्या संस्थेला देता येतात आणि पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई सुका कचरा नेतात. ‘वस्तू वाया जाणार नाही’ हे कळल्यावर अनेक ज्येष्ठ बायकांचा हात सैल होतो.

ज्येष्ठ नागरिक आणि पुनर्विकासातली घरे

बायकांच्या मेळाव्यांइतकेच लक्ष ज्येष्ठ नागरिक संघांकडे द्यावे. महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक शहरात असे संघ आहेत, त्यांच्या ठरावीक दिवशी सभा होतात आणि त्यांना वक्ते हवेच असतात. तिथे ‘कागदपत्रांची एक फाईल कशी लावावी’ हा विषय घ्यावा. घराची कागदपत्रे, विमा, बँक, वैद्यकीय अहवाल, मृत्युपत्र कुठे आहे त्याची नोंद, असे पाच विभाग करून एक रिकामी फाईल समोर लावून दाखवावी. कोणाचीही खरी कागदपत्रे मागू नयेत आणि कोणी पुढे केली तरी सभेत उघडू नयेत. या सभांत पुरुषही असतात आणि या विषयात त्यांना रस असतो. ज्यांची मुले परदेशात आहेत अशा घरी अनेकदा काम मुलगी अमेरिकेतून फोन करून ठरवते. पैसे कोणीही देवो, संमती घरात राहणाऱ्या आई-वडिलांची घ्यावी आणि त्यांनी ‘नको’ म्हटलेल्या कपाटाला हात लावू नये.

पुणे, मुंबई आणि ठाण्यात जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास मोठ्या प्रमाणावर चालू आहे. करार झाला की तीस-चाळीस वर्षांचे घर काही आठवड्यांत रिकामे करून भाड्याच्या, बहुधा लहान घरात जावे लागते आणि नवे घर मिळेपर्यंत काही वर्षे जातात. अशा सोसायटीच्या कार्यकारिणीला भेटून घर रिकामे करण्याच्या निदान दोन महिने आधी एक संध्याकाळ मागावी. तिथे ‘बरोबर न्यायचे, नातेवाइकांकडे ठेवायचे, द्यायचे’ अशा तीन रंगांच्या चिठ्ठ्या लावून एक खोली कशी वेगळी करावी हे दाखवावे. त्याच दिवशी जुने कपडे आणि भांडी गोळा करणाऱ्या संस्थेची गाडी बोलावली तर लोकांना प्रत्यक्ष सोय होते आणि इमारतीतली सगळी माणसे खाली जमतात. अशा एका इमारतीतून निघालेले काम दोनदा मिळते, एकदा जाताना आणि एकदा परत येताना, म्हणून त्या ग्राहकांच्या याद्या जपून ठेवाव्यात.

हिशेब

प्रत्येक मेळाव्यानंतर वहीत पाच आकडे लिहावेत : किती जणी आल्या, किती कार्डे मिळाली, किती घरभेटी झाल्या, किती कामे ठरली आणि एकूण खर्च किती झाला. खर्चात वाण, खाणे, यजमानिणीला दिलेले विनामूल्य काम आणि स्वतःचा वेळही धरावा. मेळाव्याचे फळ त्याच आठवड्यात दिसत नाही. संक्रांतीला भेटलेली बाई गुढीपाडव्याच्या आधी फोन करते, म्हणून ‘कुठे भेटलो होतो?’ हे प्रत्येक नव्या ग्राहकाला विचारून जुन्या नोंदीत भर घालत जावी. कार्डे भरपूर पण घरभेटी नाहीत, असे दिसले तर पाठपुरावा उशिरा होत आहे. घरभेटी होतात पण काम ठरत नाही, असे दिसले तर दरांचा कागद पुन्हा वाचावा किंवा काम आणखी लहान तुकड्यात देऊ करावे, म्हणजे संपूर्ण स्वयंपाकघराऐवजी एकच ट्रॉली.

नव्या ग्राहकाचे काम पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांनी एक फोन करून कपाट कसे राहिले आहे ते विचारावे आणि ते टिकले असेल तरच तिला यजमानीण होण्याबद्दल विचारावे. एकाच मैत्रिणींच्या गटात वर्षातून एकापेक्षा जास्त मेळावे घेऊ नयेत. त्याऐवजी तिचा दुसरा गट कोणता आहे ते पाहावे : मुलांच्या शाळेतल्या आया, कार्यालयातल्या सहकारी, भजनी मंडळ किंवा सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा गट. पुढचा मेळावा तिथे ठरवावा.